देवीला पुसणार कोण?

आषाढातला शुक्रवार होता. मागच्या अंगणात चुलीवर मटण रटरटत होतं, सोप्यात पाव्हणे मावत नव्हते, टेंबलाईच्या जत्रेला निघायची वेळ होत आली होती. आणि अशा सोन्यासारख्या दिवशी विश्वजित आणि सम्राट हे दोघं चुलतभाऊ दाराच्या दोन अंगांना एकमेकांकडं पाठ करून बसले होते. कोल्हापूरच्या माणसाला आनंद झाला की आधी भांडायला सुचतं, हे खरं. पण आजचं भांडण तसलं नव्हतं.

"आबा पुसायचे. आबांचा पोरगा मी. मग मीच पुसणार. ह्यात चुकलं काय?" विश्वजित म्हणाला. महापालिकेला उभं राहायचं डोक्यात आल्यापासून तो घरातसुद्धा सभेतल्यासारखा बोलायचा.

"चुकलं असं, की पुसायचा मान थोरल्या पातीचा," दाराच्या पलीकडनं सम्राट म्हणाला. "माझे वडील लवकर गेले, म्हणून काका पुसायचे. आता काका न्हाईत. मान आमच्याकडं परत आला. हाय काय आन् न्हाय काय!"

"परत यायला मान म्हंजे काय उसनी परात हाय व्हय रं?"

सैपाकघरात लसूण सोलत बसलेल्या विश्वजितच्या बहिणीला, संयोगितेला, हसू आलं, आणि लगेच ते गिळावंही लागलं. कारण समोरच तिची आई, बायडाबाई, देवीच्या मानाचं हिरवं लुगडं नेसून, देवीच्या नावाचा मळवट भरून, पाटावर भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

"पुसणारा ठरल्याबिगर मी उंबरा वलांडायची न्हाय," ती म्हणाली. सकाळपासून ती एवढंच म्हणत होती.

तिचं बरोबरच होतं. ह्या घराण्यात टेंबलाई येते ती घरच्या सुनेच्या अंगात. बायडाबाई लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी जत्रेत पायऱ्यांवर तिच्या अंगात आलं, आणि तेव्हापासून दरसाल येत राहिलं. पण देवी येऊन भागत नाही. तिला पुसायला माणूस लागतो. तिच्यासमोर उभं राहून तिला बोलतं करायचं, घराचं बरंवाईट विचारायचं, आणि शेवटी तिची समजूत घालून तिला पाठवायचं, म्हणजे बाई भानावर येते. इतकी वर्षं हे काम तिचा नवरा करायचा. गुंडूआबा. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर आबा गेले. गेल्या साली घरात जत्रा झाली नाही. त्या दिवशी बायडाबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडून होती, आणि पलीकडच्या गल्लीतलं वाजप ऐकून तिचे पाय पांघरुणात हलत होते. संयोगितेनं ते स्वतः बघितलं होतं. आज आई गेली नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं, आणि दाराशी बसलेल्या त्या दोन घोड्यांना मात्र ते कळत नव्हतं.

"एकदा ती आली की मला माझं भान नसतं," बायडाबाई हळूच म्हणाली. "त्यो समोर असायचा म्हणून मी बिनघोर जायची. आता जाईन, आन् कुणी परत आणलंच न्हाय तर?"

संयोगितेनं तिचा हात हातात घेतला.

ह्याचं उत्तर तिला यायला हवं होतं, कारण तिचा तर हाच धंदा. संयोगिता ही ह्या घरातली पहिली डॉक्टर, पण सुई टोचणारी नव्हे. माणसाच्या अंगात देव येतो म्हणजे काय होतं, कोणत्या तालाला येतो, गेल्यावर माणूस परत कसा येतो, एवढंच बघण्यात तिनं जन्म घातला होता. लग्न राहून गेलं ते त्याच्यापायीच. नेपाळच्या डोंगरात झाक्रींच्या, म्हणजे तिथल्या भगतांच्या, ढोलाशेजारी ती थंडीत कुडकुडत बसली. श्रीलंकेत निखाऱ्यावरून चालणारी माणसं बघितली. ब्राझीलमध्ये पांढऱ्या झग्यातल्या बायकांच्या अंगात समुद्राची देवी येते, ती बघायला तर ती पुन्हा पुन्हा गेली. जिथं जाईल तिथं तिचा नियम एकच. बघायचं, ऐकायचं, मध्ये पडायचं नाही. पुण्याच्या विद्यापीठात तिच्या ह्या शिस्तीचं फार कौतुक होतं. कोल्हापुरात मात्र तिची ओळख म्हणजे 'अंगात येण्याची डॉक्टरीण'. सकाळीच शेजारची विठाबाई येऊन कानाला लागली होती. "माझ्या सुनंच्या अंगात येतंय गं, पण भांडी घासायच्या येळंलाच येतंय. ह्येच्यावर काय गोळी हाय का?" "तिची देवी हुशार आहे मावशी. भांडी तुम्ही घासा," असं संयोगितेनं सांगितल्यावर विठाबाई जी फुरंगटून गेली ती अजून फिरकली नव्हती.

एवढं जग पालथं घातलं, पण आपल्या आईच्या देवीवर संयोगितेनं कधी एक ओळ लिहिली नाही. तिथं तिची शिस्त चालायची नाही. पायरीवर आईचे केस सुटले की ही लहानपणीसारखी नुसती तिची लेक व्हायची. एकदा धीर करून तिनं विचारलं होतं, "आई, खरं असतं का गं ते?" तर बायडाबाई म्हणाली होती, "मला काय इचारतीस? मी कुठं असते तिथं?"

तेवढ्यात विश्वजितची बायको शैलजा मसाल्याचे हात तसेच घेऊन आत आली. "वन्सं, तुमी बोला की त्या दोघांना. मी सांगितलं तर म्हणतील, तुला काय कळतंय. तुमी तर शिकल्याल्या त्यातल्याच!"

संयोगिता उठून दाराशी गेली. "हे बघा, चिठ्ठी टाका, नाणं उडवा, काहीही करा, पण आईला ताटकळत ठेवू नका."

"आक्का, तू बोलू नगंस. तू पुण्याची," विश्वजित म्हणाला.

"आणि बायका पुसत न्हाईत," सम्राटनं पुस्ती जोडली. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं लगेच एकमत झालं. मग सम्राटच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं मांडीवर थाप मारली. "ए, थांबा! काकांनाच पुसू दे की!"

"आबांना?"

"माझ्या मोबाईलमध्ये हाय न्हवं! काकांच्या शेवटच्या जत्रेचा अख्खा व्हिडिओ. त्यातलं काकीचं बोलणं तेवढं काढून टाकतो. माझ्या मिसळीच्या गाडीवरचा स्पीकर आणतो. काका पुसतील, काकी सांगेल. ना थोरली पाती, ना धाकटी पाती!"

सोप्यात एकच कालवा उठला. नाद खुळा! काय डोस्कं हाय! विश्वजितनंसुद्धा इकडं तोंड केलं आणि भावाला टाळी दिली. मग त्याला एकदम तज्ज्ञांची आठवण झाली. "आक्का, तू एवढं जग हिंडलीस. असं चालतं का गं?"

"मी तरी जगात कुठं बघितलं नाही बाबा," संयोगिता म्हणाली.

"म्हंजे जगात पयल्यांदा कोल्हापुरात!" सम्राट ओरडला.

संयोगितेला तोंड उघडायचं होतं. तिच्या मनाला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही हेही सांगता येत नव्हतं. पण तेवढ्यात सम्राटनं मोबाईल लावून बघितला, आणि आबांचा तो घोगरा, भांडखोर आवाज घरात घुमला. "काय गं! वर्सभर कुठं हुतीस?" आतून बांगड्या वाजल्या. बायडाबाई पाटावरनं उठून दारात आली होती. तिनं पदर नीट केला, कुंकू चाचपून बघितलं.

"चला," ती म्हणाली.

मग कुणाची काय बिशाद बोलायची!

गल्ली निघाली. पुढं डोईवर पंचगंगेच्या नव्या, गढूळ पाण्याचे कलश घेतलेल्या पोरी, कलशात लिंबाचे डहाळे, मागं बायका, त्यांच्या मागं पोरं, आणि सगळ्यांच्या पुढं पी ढबाक. सनईची पी आणि ढोलाचं ढबाक. ह्या वाजपाला कोल्हापूरकरांनी दुसरं नाव शोधलंच नाही. सनईवर बादशहाचाचा होते. आबांचे तालमीपासूनचे दोस्त. मोहरमात पंजांपुढं वाजवायचे तेही हेच, आणि आषाढात टेंबलाईपुढंही हेच. फुंकून फुंकून त्यांचे गाल पार लोंबले होते, पण सूर अजून तरुण होता. चढावर दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी संयोगितेला जवळ बोलावलं.

"संयू, गुंडूला फोनमधनं पुसाय लावताय म्हणं?"

"हो चाचा. तसं ठरलंय."

"मग मला कशाला वझं वाहायला आणलं? माझी सनईबी असंल की त्यात!" असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले आणि पुन्हा सनई तोंडाला लावली.

टेकडीवर ही गर्दी. गुलाल, भंडारा, नारळाची करवंटी पायाखाली, दहा गल्ल्यांची दहा वाजपं एकमेकांवर चढलेली. पोरींनी देवळाच्या पायऱ्यांवर पाणी ओतलं. ते लालसर पाणी पायरीवरनं खाली उतरत बायडाबाईच्या अनवाणी पावलांपर्यंत आलं आणि तिच्या पायांना कापरं भरलं. आधी गुडघे, मग खांदे. तिनं अंबाडा सोडला नाही. तो आपोआप सुटला. श्वास जड झाला, मान फिरू लागली, आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई, जिला घरात जिना चढताना कठडा लागतो, ती ढबाकच्या ठेक्यावर अशी घुमू लागली की मागच्या तरण्या पोरी दोन पावलं सरकल्या.

"आली! आई आली!" शैलजा ओरडली. बायकांनी हात जोडले. संयोगितेचे डोळे भरले. आई आली होती, देवी आली होती, कुणीही आलेलं असो, दोन वर्षांनी आलं होतं.

सम्राटनं स्पीकर उंच धरला.

"काय गं! वर्सभर कुठं हुतीस?" आबांचा आवाज म्हणाला.

ह्या घरची रीतच अशी. इतर घरांतली माणसं हात जोडून, आई आई करत पुसतात. आबा मात्र देवीशी आधी भांडायचे. भांडल्याशिवाय ती बोलतच नाही, असं म्हणायचे. आवाज ऐकला आणि बायडाबाईच्या अंगातली देवी खदाखदा हसली. "हुते की हितंच! तूच कुठं—"

"बरं, आता आलीयास तर सांग, पाऊसपाणी कसं हाय?" आवाज पुढं गेला. तिचं बोलणं संपायची वाट त्यानं बघितलीच नाही. बघणार कसा?

देवी थबकली. "कुठं हुतास म्हणते मी!"

"पोराबाळांचं कसं?" आवाज म्हणाला.

"अरं म्होरं ये! दिसंना का मला?" ती गर्रकन वळली. तिचे लाल डोळे गर्दीतल्या एकेका पुरुषाच्या तोंडावरनं फिरू लागले. विश्वजितला तिनं खांद्याला धरून बाजूला सारलं, जसा तो वाटेतला खांबच. "कुठाय त्यो? कुठाय माझा पुसणारा?"

आणि तेवढ्यात सम्राटचा मोबाईल वाजला. मिसळीचे पाव देणाऱ्याचा फोन होता. स्पीकरमधनं रिंगटोनचं गाणं जोरात सुरू झालं, सम्राटच्या हातून सगळं खाली पडलं, आणि तो रडवेला होऊन चिखलात मोबाईल शोधू लागला.

आता देवी घुमत नव्हती, धावत होती. पायरीवरनं खाली, पुन्हा वर. "कुठाय? कुठाय?" विश्वजित पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "आई, आपण कृपया शांत व्हावं, आपल्या सर्व अडचणींची नोंद घेतली जाईल," आणि तिच्या एका ढकलण्यात नारळवाल्याच्या पोत्यावर जाऊन बसला. बायडाबाईचा श्वास लागला होता. ओठ सुकले होते. बादशहाचाचांनी सनई थांबवली नाही. आता थांबवली तर ती मधल्या मध्येच राहील, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ते संयोगितेकडं बघत होते.

संयोगिता नेहमीच्या जागी उभी होती, चार हातांवर. सगळ्या जगात ती तिथंच उभी राहिली होती. मध्ये पडायचं नाही. आणि मी काय म्हणून पुसू? माझा विश्वास तरी आहे का? खोट्या तोंडानं देवीला पुसायचं म्हणजे दोहोंची फसवणूक, आईचीही आणि माझ्या आयुष्यभराच्या कामाचीही. हे सगळं तिच्या मनात आलं. मग तिनं आईचा पाय घसरताना बघितला, आणि मनातलं सगळं जागच्या जागी राहिलं.

ती पायरीवर चढली, देवीच्या समोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून आबांसारखी ओरडली.

"काय गं! वर्सभर कुठं हुतीस?"

बायडाबाई थांबली. केसांतनं तिच्याकडं बघत राहिली. "त्यो कुठाय?"

"त्यो न्हाय आला," संयोगिता म्हणाली. पुण्याची भाषा कुठल्या कुठं पळाली होती. "त्यो गेला. आता यायचा न्हाय. मला बी लई आठवण येती त्येची. पण मी आलीया न्हवं? माझ्याशी भांड."

"तू कोण?"

"त्याची लेक."

"आन् माझी?"

"तुझी पुसणारी."

सनई एकदम वर चढली. देवीनं मान मागं टाकली आणि इतकी मोठ्यांदा हसली, की पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. "मग पूस की! मुकी हाईस व्हय?"

संयोगितेला सगळं येत होतं. लहानपणी आबांच्या सदऱ्याला धरून ती उभी राहायची, तेव्हा कानात गेलेलं कुठं जातंय? तिनं पाऊसपाणी पुसलं, पोराबाळांचं पुसलं. देवी मान डोलावत उत्तरं देत गेली. मग विश्वजित पोत्यावरनं उठून तिच्या कानाला लागला. "आक्का, उभं ऱ्हाऊ का, ते इचार."

"तुझा पोरगा निवडणुकीला उभा ऱ्हाऊ का म्हणतोय."

"गल्लीच्या तोंडाला गटार तुंबलंय. आदी ते काढ म्हणावं."

बायकांमध्ये खसखस पिकली. सम्राटनं चिखलाचे हात जोडले. त्याला मिसळीची दुसरी गाडी टाकायची होती.

"पयल्या गाडीचा रस्सा पातळ झालाय," देवी म्हणाली. सम्राटनं मुकाट्यानं मान खाली घातली, कारण ते गल्लीला माहीत होतं.

आता पाठवायची वेळ. आबा इथं म्हणायचे, भागलं का तुझं, मग जा आता. संयोगितेनं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडातनं निघालं ते दुसरंच. तिनं जगभर इतक्या देवी बघितल्या, त्यांच्याकडं मागणारी हजारो माणसं बघितली, आणि आपल्या घरात तर मागण्याशिवाय दुसरं काही झालंच नव्हतं. तिनं आईचे दोन्ही हात धरले.

"आमचं झालं. तुला काय पायजे गं?"

देवीचं घुमणं मंदावलं. ढोलवाल्यानं आपणहून हात हलका केला. मग ती हळू आवाजात, लाजल्यासारखी म्हणाली, "गरम जेवान."

"काय?"

"नाचून, निजून उठंस्तवर समद्यांची जेवणं उरकत्यात. रस्श्यावर साय धरती. इतकी वर्सं झाली, जत्रंचं जेवान गारच. एकदा गरम वाढा की मला."

कुणी हसलं नाही. शैलजानं तोंडाला पदर लावला. विश्वजित पायरीकडं बघत राहिला.

"वाढतो," संयोगिता म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गळ्यापर्यंत आलं होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं. "भागलं का तुझं? मग जा आता."

बायडाबाई तिच्या खांद्यावर अलगद कलंडली. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "आली हुती का गं?"

"आली होती."

"पुसलं कुणी?"

"मी."

बायडाबाईनं लेकीकडं बघितलं, तिच्या गालाला लागलेला गुलाल अंगठ्यानं पुसला आणि म्हणाली, "बरं झालं."

घरी आल्यावर बायडाबाई भिंतीला टेकून नेहमीसारखी जरा निजली. चुलीवरनं पातेली मात्र उतरली नाहीत. पाव्हणे सोप्यात बसून राहिले, पोरांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण पंगत कुणी धरली नाही. ती उठून तोंड धुऊन आली तेव्हा मधोमध तिचा पाट होता. विश्वजितनं तांबडा रस्सा आणला, सम्राटनं पांढरा. शैलजानं तव्यावरची भाकरी तशीच ताटात टाकली. बायडाबाईनं भाकरीला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"अगं बया! पोळलं की!" तिनं सगळ्यांच्या रिकाम्या ताटांकडं बघितलं. "आन् तुमी का जेवला न्हाईसा? कुणी सांगितलं तुमाला?"

सगळ्यांनी संयोगितेकडं बघितलं. आजवर एकाही व्याख्यानात ती 'देवी म्हणाली' असं म्हणाली नव्हती; 'देवी म्हणाली असे मानले जाते' असंच म्हणायची.

"देवीनं सांगितलं," ती म्हणाली.

बायडाबाईनं तांबड्या रस्श्यात भाकरी बुडवली, फुंकर मारली, घास तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली. मग म्हणाली, "मला इतकी वर्सं सांगाय लाज वाटली. ती बया माझ्यापरास धीट निगाली." दुसरा घास मोडता मोडता तिनं लेकीकडं तिरपं बघितलं. "म्होरल्या साली पुसशील तवा तिच्या कानावर घाल, ही लोकं मला मटणातली नळीबी ठेवत न्हाईत."

विश्वजित आणि सम्राट, दोघांचेही हात एकदमच मटणाच्या पातेल्यात गेले.